पुरात न गेलेली कॅसेट

यशवंता,

गेल्या आठवड्यात तुझ्या शोकसभेत मी पुन्हा एकदा खोटं बोललो, आणि या वेळी तोंडसुद्धा उघडावं लागलं नाही. मंडळाच्या हॉलमध्ये तुझा बँडच्या लाल कोटातला फोटो ठेवला होता. अध्यक्ष उभे राहिले आणि म्हणाले, "यशवंतरावांनी केलेलं ते भीतीचं संगीत आज आपल्याकडे नाही. महापुरानं ते नेलं. मास्तर साक्षीला आहेत." सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. पहिल्या रांगेत तुझी लेक सुनीता बसली होती, जयसिंगपूरहून आलेली. माझं बघून तिनंही मान हलवली.

बाहेर चपला घालताना अध्यक्ष म्हणाले, यंदाच्या गणपतीच्या स्मरणिकेत यशवंतरावांवर तुम्हीच लिहा, तुमच्याइतकं जवळचं कोण आहे? याच स्मरणिकेत मी पूर्वी 'पुराने नेलेले सूर' असा लेख लिहिला होता. छापायच्या आधी तुला वाचून दाखवला होता. तू सगळा ऐकून घेतलास आणि म्हणालास, "सुरांचं ऱ्हाऊ दे मास्तर, आक्काची म्हस वाचली का न्हाय ते लिव की."

हा लेख त्या लेखाची दुरुस्ती आहे. त्या संगीताची कॅसेट पुरात गेली नाही. ती शिरोळला माझ्या बहिणीकडं, आक्काकडं, कधी पोचलीच नव्हती. इतकी वर्षं ती माझ्या कपाटात, शाळेच्या जुन्या हजेरीपटांखाली होती.

तुला पुढचं बरंचसं माहीत आहे. पण स्मरणिका वाचणारी आजची मुलं तेव्हा जन्मली नव्हती, त्यांच्यासाठी सांगतो.

तू लग्नाच्या बँडात क्लॅरिनेट वाजवायचास. आषाढ लागला की लग्नं थांबायची आणि मंगळवार पेठेतल्या तुमच्या बँडच्या दुकानात लाल कोट प्लॅस्टिकच्या पिशव्यांत टांगून ठेवलेले असायचे. थोरला पितळी बाजा तोंड खाली करून कोपऱ्यात. त्या रिकाम्या महिन्यांत रविवारी दुपारी मी तिथं यायचो. मी हायस्कुलात इंग्रजी शिकवायचो. शाळेच्या वाचनालयानं रद्दीत काढलेलं एक इंग्रजी पुस्तक मी घरी आणलं होतं, जुन्या विलायती भयकथांचं. पुठ्ठा आणि पहिली पानं गेलेली, त्यामुळे त्या गोष्टी कुणी लिहिल्या ते आपल्याला कधीच कळलं नाही. मी एकेक वाक्य मनात मराठी करून मोठ्यानं सांगायचो आणि तू क्लॅरिनेटचे सांधे पुसत ऐकायचास.

मला वाटायचं तू गोष्ट ऐकतोयस. तू भलतंच ऐकत होतास.

"थांब मास्तर. त्यो जिना लाकडाचा हाय का दगडाचा?"

"तसं काही दिलेलं नाही."

"मग लिवलंय काय त्यानं? लाकडाचा असंल तर करकरणार, दगडाचा असंल तर पाऊल पडलेलं कळणार बी न्हाय. दोन्हीचं वाजवणं येगळं हाय की."

एका गोष्टीत बंद खोलीतून पियानो ऐकू येतो आणि वाजवणारी बाई केव्हाच मेलेली असते. तू विचारलंस, पियानो म्हणजे नेमकं काय. मी म्हणालो, आपल्या पेटीचा थोरला भाऊ. तू कोपऱ्यातली भाता फाटलेली पेटी ओढलीस, एकही पट्टी न दाबता नुसता भाता हलवलास. पेटीतून फक्त श्वास आला, आजारी माणसाचा असतो तसा. तू माझ्याकडे बघून हसलास. माझ्या हातावर काटा आला होता, तो मी बाही ओढून झाकला.

"घाबरवायचं म्हंजे वराडायचं न्हवं," तू म्हणायचास. "माणसाला वाटाय पायजे मागं कोनतरी हुबं हाय. आन वळून बघाय जीव व्हऊ ने."

त्या पावसाळ्यात तू पाच तुकडे बांधलेस. जिना, बंद खोली, पाहुणा, विहीर आणि पहाट. त्यांत शब्द नव्हता, ताल पकडावा असा ठेका नव्हता. 'पहाट' हे नाव ऐकून मी म्हणालो, शेवट गोड केलास हे बरं झालं. तू क्लॅरिनेट मांडीवर ठेवलंस आणि माझ्याकडं वर्गातल्या ढ पोराकडं बघावं तसं बघितलंस. "गोड कुठला? घरातली समदी मेल्यात, आन उजाडलंय. कोंबडा आरवतोय, ऐकाय कोन न्हाय. अंधाराचं भ्या काय, ते जातंय. उजाडल्याचं भ्या कुठं जाणार?"

मी पुस्तकातल्या साऱ्या गोष्टी वाचल्या होत्या. इतकं भीतीदायक वाक्य त्यांत एकही नव्हतं.

त्या वर्षी आपल्या मंडळानं जिवंत देखावा ठरवला होता, भुताच्या हवेलीचा. थर्माकोलची हवेली, गोणपाटाचे पडदे आणि हलणारी माणसं. तुझे तुकडे त्यासाठी वापरायचे ठरले. रेकॉर्डिंग कुठं करायचं यावर वाद झाला. मी शाळेचा हॉल सुचवला. तू मला नदीकडच्या एका गुऱ्हाळात घेऊन गेलास. हंगाम नसल्यानं तिथं कुणी नव्हतं. गुळाचा रस आटवायची भलीमोठी काहिल चुलवणावरून उचलून बँडातल्या सहा जणांनी कडेवर उभी केली आणि भिंतीला टेकवली. तू तिच्या पोटाकडं तोंड करून वाजवायला लागलास. सूर आत जायचा, फिरायचा आणि दुसऱ्याच कुणाचा होऊन बाहेर यायचा. थोरला बाजा वाजवणाऱ्याला तू चुलवणाच्या तोंडाशी पालथं झोपवलंस. तो म्हणाला, "यशवंता, मला जित्तेपणीच जाळतोस व्हय?" पत्र्यावर सर आली की सगळं थांबवायचं, सर गेली की पुन्हा पहिल्यापासून. मी शाळेचा टेपरेकॉर्डर धरून बसलो होतो. दिवसभरात मला एकच काम होतं. तू मान हलवलीस की बटण दाबायचं, आणि तू म्हणालास की बंद करायचं.

संध्याकाळी तू कॅसेट काढलीस आणि तिच्या पाठीवरची बारकी प्लॅस्टिकची कडी स्क्रू-ड्रायव्हरनं मोडून टाकलीस. त्या काळात सगळ्यांना माहीत होतं, ती कडी मोडली की त्या कॅसेटवर दुसरं काही भरता येत नाही. "आता बाप आला तरी पुसायचा न्हाय," तू म्हणालास आणि कॅसेट माझ्या हातात दिलीस. तुझ्या घरात भिंतींना ओल होती. माझं कपाट कोरडं होतं.

आता माझ्याबद्दल. मी बारा वर्षं मंडळाच्या देखाव्यांचा निवेदक होतो. पडद्यामागून माझा आवाज यायचा आणि पेठेत लोक म्हणायचे, मास्तरांचा आवाज म्हणजे काय. मला ते आवडायचं. नुसतं आवडायचं असं नाही, मी वर्षभर त्या दहा दिवसांवर जगायचो. त्या वर्षीही मी निवेदन लिहून काढलं होतं, पहिल्या चार तुकड्यांसाठी चार. तू म्हणालास, "मास्तर, तू बोललास की भूत पळून जातंय. यंदा जरा त्वांड मिटून बस की." सगळे हसले. मीही हसलो.

पहिल्या दिवशी संध्याकाळी देखावा सुरू झाला आणि मी आयुष्यात पहिल्यांदा कोल्हापूरची गर्दी गप्प झालेली बघितली. शिट्टी नाही, आरडाओरडा नाही. ढकलणारा माणूससुद्धा पुढच्याच्या कानात म्हणत होता, "पावणं, जरा सरका." 'पहाट' संपल्यावर कुणी टाळी वाजवली नाही. लोक तसेच निघून गेले, बायका पोरांना कडेवर घट्ट धरून. दुसऱ्या दिवशी चौकातला किराणावाला मला म्हणाला, "मास्तर, यंदा तुमचा आवाज न्हाय? लई ब्येस झालं. नीट ऐकाय आलं."

त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. पण ते वाक्य माझ्यात घुसलं. मी ते घेऊन दसऱ्यापर्यंत हिंडलो, दिवाळीपर्यंत हिंडलो.

दिवाळीच्या सुट्टीत एका दुपारी घरात कुणी नव्हतं. मी शाळेचा टेपरेकॉर्डर काढला, तुझी कॅसेट काढली. तिच्या पाठीवर तू मोडलेल्या कडीचं चौकोनी भोक होतं. मी त्यावर चिकटपट्टीचा तुकडा कापून लावला. दाबून लावला. मग माझे चार कागद पुढं ठेवले आणि बटण दाबून, त्या घनगंभीर आवाजात, सगळं निवेदन पहिल्यापासून वाचलं.

इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलो की मला वाटलं दोन्ही आवाज एकत्र येतील, तुझा खाली आणि माझा वर. यशवंता, शाळेचं ते यंत्र दहा वर्षं माझ्याच ताब्यात होतं. रेकॉर्डिंगला दोन बटणं एकदम दाबावी लागतात. एक बोट चुकतं, दोन चुकत नाहीत. आणि चिकटपट्टी काही आपण होऊन कापली जात नाही. मला पूर्ण माहीत होतं.

चौथं निवेदन संपलं तेव्हा मी थांबलो. पाचव्यासाठी माझ्याकडे काही लिहिलेलंच नव्हतं. 'पहाट'बद्दल काय बोलावं ते मला सुचलं नव्हतं. एवढ्यामुळं ती वाचली. चार तुकडे माझ्या आवाजाखाली गेले आणि पाचवा जसाच्या तसा राहिला.

त्यानंतर तू कॅसेट मागायचास तेव्हा मी म्हणायचो, शिरोळला आक्काकडं ट्रंकेत ठेवलीय, आणतो. तू कधी दुसऱ्यांदा विचारलं नाहीस, लगेच तरी. अशी काही वर्षं गेली. मग तो मोठा पूर आला. कृष्णेचं पाणी आक्काच्या घरात छातीला लागलं. तिचं धान्य गेलं, भांडी गेली, गोठा पडला. आणि ती बातमी ऐकून माझ्या मनात पहिलं काय आलं ते आज लिहितो. मला सुटल्यासारखं वाटलं.

मी तुला दुकानात येऊन सांगितलं, ट्रंक वाहून गेली, कॅसेट गेली. पाणी ओसरल्यावर दुसऱ्याच दिवशी तू माझ्या दारात उभा, हातात खोरं. "चल मास्तर." जयसिंगपूरपासून पुढं आपण ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उभं राहून गेलो. आक्काच्या घरात गुडघ्याएवढा काळा चिखल होता. तू पँट वर केलीस आणि कोपऱ्यापासून सुरुवात केलीस. खोऱ्यानं उपसायचास, मग बसून हातानं चाळायचास, डाळ निवडावी तसा. दोन दिवस. आक्काला वाटलं तू तिचं घर साफ करायला आलायस. ती सारखी म्हणत होती, "आरं यशवंता, बस की जरा. माझा सख्खा भाऊ बग कसा हुबा ऱ्हायलाय खांबासारखा, आन तू परका मरतोयस." तू म्हणालास, "माझं बी कायतरी हाय आक्का हितं."

मी खरंच खांबासारखा उभा होतो. मला वाकता येत नव्हतं. सापडणार नाही हे माहीत असलेली वस्तू कशी शोधतात ते मला येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तू ओरडलास, "मास्तर!" तुझ्या हातात चिखलानं भरलेली एक कॅसेट होती. तू ती बालदीत हलक्या हातानं धुतलीस, बाळाचं तोंड धुवावं तशी. मग डोळ्यांजवळ धरलीस. आक्काची भजनाची कॅसेट होती ती. तू ती उन्हात वाळत ठेवलीस आणि माझ्याकडे न बघता म्हणालास, "न्हाय. ही न्हवं."

त्या क्षणी बोलायला हवं होतं. तू मला त्याच चिखलात पाडलं असतंस, आणि कदाचित संध्याकाळी ट्रॉलीत शेजारी उभा राहिला असतास. तसा तू होतास. मी बोललो नाही. घरी येऊन तो लेख लिहिला. लोकांची घरं वाहून गेली होती आणि मी माझं पाप त्या पाण्याच्या अंगावर ढकललं.

पुन्हा वाजवू म्हटलं तर ते शक्य नव्हतं. तोवर तुझे वरचे पुढचे दात गेले होते. कवळी लावून तू एकदा क्लॅरिनेट तोंडात धरलंस, कवळीच हलायला लागली. तू हसत सुटलास. "भुताला दात नसतील तर कोन भ्यायचं?" ते गुऱ्हाळही बंद पडलं आणि काहिल भंगारात गेली. तू त्यानंतर त्या संगीताचा विषय काढला नाहीस. माझ्याकडे येत राहिलास, माझ्या चहाला नावं ठेवत राहिलास. मला तुझ्याइतका मित्र दुसरा मिळाला नाही, आणि ती मैत्री फक्त तुझ्या बाजूनंच खरी होती.

गेल्या महिन्यात मी तुझ्या कॉटजवळ बसलो होतो. सुनीता आत औषध चुरत होती. तू डोळे मिटून पलंगाच्या लोखंडी दांडीवर बोट वाजवत होतास. 'जिना' होता तो, मी ओळखला. मग 'बंद खोली', मग 'पाहुणा', 'विहीर'. नंतर बोट थांबलं.

"मास्तर, फुडचं आटवंना झालंय. उजाडल्यालं. कसं व्हतं रं ते?"

मला ते सुरापासून सुरापर्यंत पाठ आहे. दर एकदोन वर्षांनी दार लावून मी ते ऐकत आलोय. नुसतं गुणगुणलं असतं तरी तुला पुरलं असतं. पण मग तू विचारलं असतंस, एवढं नीट तुला कसं आठवतंय?

मी म्हणालो, "नाही रे आठवत. किती वर्षं झाली."

"व्हय की," तू म्हणालास. "लई वर्सं झाली." आणि भिंतीकडं वळलास.

आठ दिवसांनी तू गेलास. पहिल्या गुन्ह्याच्या वेळी मी तरुण होतो आणि दुखावलेला होतो, त्याला काहीतरी निमित्त सांगता येईल. या दुसऱ्याला काही निमित्त नाही. तू तहानलेला होतास आणि माझ्या घरात पाणी होतं.

शोकसभेनंतर दोन दिवसांनी मी टेपरेकॉर्डर आणि कॅसेट पिशवीत घालून तुझ्या घरी गेलो. सुनीता तुझे कपडे घडी करत होती. मी सगळं सांगितलं, इथं लिहिलंय तेवढंच आणि त्याच क्रमानं. तिनं कॅसेट हातात घेऊन उलटी केली, चिकटपट्टीवरून अंगठा फिरवला.

"काका, बाबा इचारत व्हते तवा तुमी याच खुर्चीत बसलावता न्हवं?"

"हो."

"आन ही कपाटात व्हती."

"हो."

ती बराच वेळ लाल कोटाची घडी घालत राहिली, घातलेली मोडून पुन्हा. मग म्हणाली, "लावा."

मी कॅसेट पुढं पळवायला बटणाकडं हात नेला. तिनं माझा हात धरला. "न्हाय. पयल्यापासनं लावा. त्यांच्यावर काय घातलंय ते ऐकू दे मला."

मग माझा आवाज सुरू झाला. हवेली, वादळ, गूढ, शाप. मी लिहिलेले सगळे मोठे शब्द. यशवंता, किती वाईट वाचलंय मी ते. तुझ्या घरात, तुझ्या मुलीसमोर, तुझ्या रिकाम्या कॉटकडं बघत मी ते चारही कागद शेवटपर्यंत ऐकले. उठता येत नव्हतं, कान झाकता येत नव्हते. त्यात भीती कुठंच नव्हती. तू म्हणायचास तसं भूत केव्हाच पळून गेलं होतं.

मग खट्ट झालं आणि 'पहाट' आली.

आधी नुसता पेटीचा श्वास. मग चुलवणातून थोरल्या बाजाचा एकच खालचा सूर, किती वेळ तो हलतच नाही. आणि मग काहिलीतून तू. चार सूर वर चढतात, पाचव्यापाशी थांबतात, परत खाली येतात. कुणीतरी दार उघडायला जावं आणि उघडायला कुणी उरलेलं नाही हे त्याला आठवावं, तसं. मध्येच लांब कुठं गुऱ्हाळामागं एक कावळा ओरडतो. त्या दिवशी मी म्हणालो होतो, पुन्हा घेऊ. तू म्हणालास, ऱ्हाऊ दे, त्येला बी म्हाईत हाय. सुनीता कोट छातीशी धरून बसली होती. खिडकीतून दुपारचं ऊन आत आलं होतं, बाहेर रिक्षा वाजत होत्या आणि आम्ही दोघं घाबरलो होतो. तुला हेच हवं होतं. उजेडातलं भ्या.

शेवटचा सूर काहिलीत फिरून फिरून संपला. थोडी खरखर. आणि मग तुझा आवाज, बत्तीस दात शाबूत असलेला, दमलेला, खूश:

"झालं मास्तर. बंद कर की आता."

हे तिथं आहे ते मला माहीत होतं. तिला नव्हतं. ती हुंदका देऊन उठली आणि स्वयंपाकघरात गेली. मी बसून राहिलो. तिनं मला क्षमा केली असं मी लिहिणार नाही, कारण तिनं केलेली नाही, आणि मी मागितलीही नाही.

थोड्या वेळानं तोंड धुऊन ती आली. कॅसेट बाहेर काढली, नखानं चिकटपट्टीची कड उचलली आणि ती सोलून काढली. तू मोडलेलं ते चौकोनी भोक पुन्हा मोकळं झालं. कॅसेट तिनं तुझ्या कोटाच्या खिशात ठेवली. पट्टी माझ्यापुढं धरली.

"ही तुमची हाय काका. घिऊन जावा."

अध्यक्षांनाही मी हे सांगितलं, सुनीतानं कॅसेट दिली, आणि यंदा मंडळ देखाव्यात फक्त 'पहाट' लावणार आहे. अध्यक्षांनी विचारलं, आधी दोन शब्द बोलाल का? मी नको म्हणालो. ती पट्टी या कागदाच्या कोपऱ्यावर ठेवली आहे. लावून बघितली. गोंद वाळून गेलाय, आता ती कशालाच चिकटत नाही.